बंदुकीत खोट नव्हती

प्रिय रोंडा,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. बुधवारचं जेवण उरकलं, चर्चच्या तळघरातली भांडी घासून झाली, बाकीच्या बायका वर प्रार्थनेला गेल्या आणि मी गुडघ्याचं निमित्त काढून खालीच बसलेय. घरी तुझ्या बाबांसोबत दुकानवाल्या डेन्झिलची बायको मेबल आहे. फोनवर हे बोलता येत नाही. फोन स्वयंपाकघरात आणि तुझे बाबा दिवसभर त्याच्या समोरच्या खुर्चीत. तू विचारतेस, "बाबा कसे आहेत?" आणि मी म्हणते, "मजेत आहेत, हे काय समोरच बसलेत." ते वाक्य त्यांना ऐकवायचं असतं गं, तुला नाही. मोबाईलला रेंज यायची ती वरच्या पाण्याच्या टाकीपाशी, आणि तिथवर आता माझा गुडघा जात नाही. म्हणून हे पत्र. सफरचंदाचा मुरंबा वेगळा पाठवलाय. यंदा तो जरा काळा झालाय. ढवळता ढवळता मला सारखं उठून खिडकीशी जावं लागत होतं, तेवढ्यात खाली लागला. तुझ्या दाताच्या डॉक्टरला दे, त्याला कळणार नाही.

बंदुकीचं तुला फोनवर तुकड्यातुकड्यानं कळलंय. बाबांनी दुर्बीण बदलली, बाबांनी नळी बदलली, बाबांनी माझी नखांची लाली पळवली. तू हसायचीस, मीही हसायचे. पण मधले बरेच तुकडे मी तुला सांगितलेले नाहीत, म्हणून आता पहिल्यापासून सांगते. मध्ये कंटाळलीस तरी शेवटपर्यंत वाच.

गेल्या वर्षी खारींचा हंगाम उघडला त्या सकाळी तुझे बाबा पेनी कुत्रीला घेऊन डोंगरावर गेले आणि दुपारी हात हलवत परत आले. हा माणूस, ज्यानं आणलेल्या खारी आपल्याला खाऊन संपत नसत म्हणून पाद्रीबाबांकडे, शाळेतल्या स्वयंपाकिणीकडे, रस्त्याच्या खात्यातल्या सगळ्या ड्रायव्हरांकडे जायच्या. मी रश्श्यासाठी कांदा चिरून बसले होते. म्हणाले, "पेनी म्हातारी झाली. खार समोर दिसतेय आणि ही बया भुंकत नाही, माझ्याच तोंडाकडे बघत बसते." दुसऱ्या वेळी म्हणाले, गोळ्याच वाईट, हल्ली पूर्वीसारख्या गोळ्या मिळत नाहीत. तिसऱ्या वेळेपासून बंदुकीवर आले. "अगं, नेम धरतो, चाप ओढतो, आणि ती तिथेच बसून माझ्याकडे बघत राहते. पुढची गोळी आपोआप चढते, पुन्हा ओढतो, पुन्हा तेच. शेपूटसुद्धा हलवत नाही." मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." ते हसले. आपल्याकडे नवरा शिकारीहून रिकामा आला की बायकोनं चार टोमणे मारायचे, हा धर्मच आहे. मी तो पाळत होते.

मग माझं जेवणाचं टेबल गेलं. त्यावर जुनी वर्तमानपत्रं, त्यावर उघडी केलेली बंदूक, आणि स्क्रू ठेवायला माझा मफिनचा साचा, एकेका खळग्यात एकेका जागेचे. त्या साच्यातले मफिन तेव्हापासून बंद आहेत. आधी त्यांनी खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता उतरवला, घासून घासून जुनं पॉलिश काढलं आणि जवसाचं तेल पाजत बसले. रोज एक हात तेल, रोज घरभर तो वास. गाल टेकतो तिथे उंची कमी पडते म्हणून त्यांच्या जुन्या बुटाचं कातडं कापून शिवलं, आणि ते इतकं सुबक शिवलं की मी म्हटलं, माझ्या कोटाची बाही वर्षभर उसवलीय, तिलाही बंदूक समज. आतली एक लोखंडी खिट्टी काढून प्लास्टिकची बसवली, म्हणजे गोळी सुटल्यावर खणखण वाजत नाही. त्यांचं म्हणणं, त्या खणखणाटानं खारी सावध होतात. खारी त्याआधीच मरायला हव्यात ना, हे माझ्या तोंडावर आलं होतं पण बोलले नाही. दुर्बिणीची चकती किती फिरवायची ते विसरायला होतं म्हणून तिच्यावर माझ्या लालीचा ठिपका दिला. नखांना लावायला काही उरली नाही, आणि माझी नखं बघायला तरी कोण येतंय.

हे सगळं पैशाविना, हे तुला सांगायला नको. रस्त्याच्या खात्याच्या पेन्शनीत नवी बंदूक बसत नाही, आणि बसली असती तरी त्यांनी घेतली नसती. जाड नळी मिळाली ती दोन गाड्या सरपणाच्या बदल्यात. चाप मिळाला तो डोंगरातून खणलेल्या जिनसेंगच्या वाळलेल्या औषधी मुळांवर. दुर्बीण पलीकडच्या खोऱ्यातल्या एका विधवेकडून, तिच्या ओसरीच्या पायऱ्या नव्यानं ठोकून दिल्या म्हणून. आणि सल्ला तर फुकटच. डेन्झिलच्या दुकानात कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांवर बसलेले सगळे म्हातारे वैद्य झाले होते. एक म्हणायचा चाप हलका कर, दुसरा म्हणायचा नळी जड कर, तिसरा तुझ्या बाबांना म्हणायचा, हर्शेल, दस्त्यात नळी नीट बसलेली नाही, ती आधी बघ. सगळं खोरं त्या बंदुकीच्या उपचाराला लागलं होतं. लोक मला चर्चमध्ये विचारायचे, "बंदूक कशी आहे आता?" आणि मीही सांगायचे, "जरा बरी आहे." रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण आपल्या लोकांना शिकारी चुकतो हे मान्य करण्याआधी बंदूक, गोळी, वारा, कुत्रा आणि सरकार यांची चूक तपासायची असते.

आणि गंमत बघ, बंदूक खरंच सुधारत गेली. डेन्झिलच्या दुकानामागे लाकडी बाक आहे, तिथे वाळूच्या पिशवीवर टेकवून कागदावर नेम लावतात. वसंतात तुझे बाबा तिथे बसले आणि पाच गोळ्या अशा मारल्या की सगळी भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. डेन्झिल कागद घेऊन मला दाखवायला घरी आला. "ओपल, ही बंदूक आता माझ्या बायकोपेक्षा सरळ आहे," म्हणाला. तो कागद तुझ्या बाबांनी फ्रीजवर लावला, तुझ्या शाळेतल्या चित्राशेजारी. दुसऱ्या दिवशी ते परसात गेले, अक्रोडाच्या झाडाखाली बसले, दोन बार ऐकू आले आणि ते आत येऊन बंदूक टेबलावर ठेवून नुसते तिच्याकडे बघत राहिले. मुलानं परीक्षेत सगळं येत असून नापास व्हावं आणि बापाला कळू नये की आता रागवायचं कुणावर, तसं.

उजवा हात तेव्हाच कापायला लागला होता. ते मी तुला सांगितलं होतं, वयाचं आहे असं सांगितलं होतं. चालताना पाय ओढायला लागले, तेही वयावर ढकललं. अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं. प्रत्येक गोष्टीला बंदुकीत उपाय निघायचा. हात कापतो तर नळी आणखी जड, बोटात जोर नाही तर चाप आणखी हलका, डोळे थकतात तर काच आणखी मोठी. रोंडा, मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून मटार सोलायचे आणि माझ्या डोळ्यांदेखत बंदूक चांगली होत जात होती आणि माणूस बिघडत जात होता, आणि मला दिसत फक्त बंदूक होती.

या हंगामाला डेन्झिल त्यांच्यासोबत गेला. स्वतःहून गेला, म्हणाला बघतो तर खरं काय होतंय ते. दोघं हिकरीच्या झाडाला पाठ लावून बसले. सकाळचा गारठा, वारा पडलेला, पानं अजून झाडावर. थोड्या वेळानं तुझ्या बाबांनी त्याला कोपरानं ढोसलं, हळूच म्हणाले, "ती बघ, फांदी फुटते तिथे, शेपूट पाठीवर घेऊन बसलीय," आणि गोळी झाडली. मग दुसरी. डेन्झिलनं गळ्यातली दुर्बीण लावून ती फांदी बघितली. साल उडालेली दिसत होती, अगदी फांदी फुटते तिथेच, दोन भोकं एकाला एक लागून. तुझे बाबा म्हणाले, "बघितलंस? अजून बसलीच आहे." डेन्झिलनं काचा पुसून पुन्हा बघितलं. त्याला वाटलं आपलेच डोळे गेले. मग त्यांनी दुसऱ्या झाडावर दाखवली, मग जमिनीवर, पेनीच्या शेजारी. पेनी आपली पुढच्या पायांवर हनुवटी टेकून त्यांच्याकडे बघत होती. परत आल्यावर तुझे बाबा हात धुवायला आत गेले आणि डेन्झिल टोपी हातात धरून माझ्या ओसरीवर उभा राहिला. हा माणूस चर्चमध्येसुद्धा टोपी काढायला विसरतो. म्हणाला, "ओपल, बंदुकीत खोट नाही. झाडावर काहीच नव्हतं."

मी त्याला कॉफी दिली. दुसरं काय करणार. तो गेल्यावर मागच्या कितीतरी गोष्टी एकेक करून माझ्यासमोर येऊन बसल्या. जेवताना एकदा म्हणाले होते, "तिला शिवणयंत्रावरून हाकल, दोरा कुरतडेल," आणि मी थट्टा समजून फडकं झटकलं होतं. खिडकीच्या फळीवर अक्रोड ओळीनं मांडून ठेवायचे, मला वाटायचं वाळत घातलेत. एका सकाळी विचारलं, "तो छोटा कुणाचा गं, कोळशाच्या बादलीवर बसलेला?" मी म्हटलं स्वप्न पडलं असेल. शहरात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. भली बाई, तुझ्याच वयाची. तिनं कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर तुझ्या बाबांनी सगळे आकडे एका कडेला गर्दी करून बसवले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "बाकीचं तुम्ही भरा." आजाराचं नाव लांबलचक आहे, कागदावर लिहून दिलंय. हाताचं कापणं आणि नसलेलं दिसणं, दोन्ही एकाच झाडाची फळं. औषध आहे पण बरं करणारं नाही. आणि दारापर्यंत सोडायला आली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, सगळ्यात आधी घरातल्या बंदुका काढा. मी हो म्हटलं. जणू ती म्हणाली होती, घरात शिरताना पाय पुसा.

काढते कशा! शॉटगन त्यांनी आपण होऊन तुझ्या आतेभावाला दिली, जड झाली म्हणाले. जुनी हरणाची बंदूक पाद्रीबाबांनी मागून नेली. उरली ही एक, आणि तिच्यावर तर हात फिरवल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. डेन्झिलला सांगून मी एका दुपारी आतली पिन काढवून घेतली, म्हणजे चाप ओढला तरी बार उडायचा नाही. तुझ्या बाबांनी बंदूक उचलली, कानाशी नेऊन हलवली आणि म्हणाले, "हिचं काहीतरी पडलंय." सकाळी काय खाल्लं ते विचारलंस तर सांगता येणार नाही त्यांना, पण बेकिंग पावडरच्या डब्यातून जुनी पिन शोधून, ती घासून, संध्याकाळच्या आत बसवली. हाताला सगळं आठवतं. ज्या हाताला चमचा तोंडाशी नेता येत नाही तो हात त्या बंदुकीवर आला की जरा कमी कापतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. गोळ्या लपवल्या. पण या घरात गोळ्या मिठासारख्या आहेत, कुठे नाहीत ते विचार. कोटाच्या खिशात, गाडीच्या कप्प्यात, टपाल ठेवायच्या वाडग्यात, परवा कपडे धुवायच्या यंत्रात दोन निघाल्या. मी वेचते, आणि ते आणखी कुठून तरी काढतात.

मग सरळ लपवलीच. डेन्झिलच्या गोदामात नेऊन ठेवली. ती आठवण नको वाटते. पहिल्या दिवशी शोधली, दुसऱ्या दिवशी चोर आला म्हणाले, त्यानंतर तुझ्या आतेभावाचं नाव घेतलं आणि फोन करून त्याला नको नको ते बोलले. मग एका सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकून येते तो घर रिकामं. तुझे बाबा मोज्यांवर, बूट न घालता, दव गोठलेल्या रस्त्यावरून गाड्या थांबवत चालले होते. प्रत्येकाला विचारत होते, "माझी बंदूक पाहिलीत का?" शेरीफचा तो तरुण पोलीस डेप्युटी त्यांना घेऊन आला, स्वतःचं जाकीट त्यांच्या अंगावर घालून. त्यांना म्हणाला, "काका, सापडेल, आम्ही शोधतो." आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, घर त्यांचं, बंदूक त्यांची, त्यांनी कुणाला काही केलेलं नाही. मी काय करू शकतो?" मी त्याला विचारलं, "कुणाला काही केल्यावर काय करशील?" त्या दिवशी तुझे बाबा खुर्चीत बसून रडले, रोंडा. तुझी आजी गेली तेव्हा रडले नव्हते. डेन्झिलनं संध्याकाळी बंदूक परत आणली, खोटंच सांगितलं की दुर्बीण बघायला मी नेली होती. ते इतके खूश झाले! "अरे मग सांगायचं नाही का, गाढवा?" म्हणाले आणि त्याला जेवायला ठेवून घेतलं.

सगळे दिवस असे नसतात. दुपारी जेवण झालं की कधी कधी जुने बाबा परत येतात. परवा तसेच आले होते. टेबलाशी बसले होते, मफिनच्या साच्यातला एक स्क्रू बोटानं फिरवत. म्हणाले, "ओपल, बंदूक बरोबर आहे ना गं?" मी म्हटलं, "अगदी बरोबर आहे, हर्शेल. डेन्झिल म्हणतो खोऱ्यात अशी दुसरी नाही." त्यांनी फ्रीजवरच्या त्या कागदाकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि विचारलं, "मग बिघडलंय काय?" मी उठले आणि नळ सोडला. भांडी नव्हती घासायला, तरी घासत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं त्यांना उत्तर मिळालं होतं, आणि थोड्या वेळानं ते विसरले, आणि ते विसरले याचं मला बरं वाटलं. आपल्या माणसाचं विसरणं बरं वाटावं, अशी वेळ तुझ्यावर कधी न येवो.

शनिवारचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, मेबललासुद्धा नाही. ऊन पडलं होतं म्हणून परसात चादरी वाळत घालत होते. चिमटे तोंडात. पाठीमागून ओसरीवरून तुझ्या बाबांचा आवाज आला, अगदी हळू, जंगलातला: "हलू नकोस, ओपल." आणि मी हलले नाही. लग्न झाल्यापासून त्यांच्याबरोबर डोंगरात जातेय मी, तो आवाज आला की उभी असेन तिथे खिळते, ते अंगातच आहे. मग मला समजलं की आपण डोंगरात नाही, आणि मान जराशी वळवली. बंदूक खांद्याला होती. नळी माझ्याकडे होती. त्यांचा गाल त्या बुटाच्या कातड्यावर टेकलेला, आणि हात, रोंडा, कापत नव्हता. मी ओरडायला हवं होतं. पण तो चाप आता इतका हलका झालाय की दचकले तरी सुटेल, म्हणून चिमटे तोंडात धरून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मग त्यांनी बंदूक खाली घेतली, बार उडू नये म्हणून असतो तो खटका लावला आणि वैतागून म्हणाले, "गेली. तुझ्या खांद्यावर होती, पण मागे तू होतीस ना. मागे काय आहे हे बघितल्याशिवाय मी कधी मारत नाही." हो, कधीच मारत नाहीत. तुला शिकवलेली पहिली गोष्ट तीच. ती अजून शाबूत आहे, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. पण बाकी कितीतरी गोष्टी शाबूत होत्या आणि एका सकाळी नव्हत्या.

आता मला काय हवंय ते सांगते. ती बंदूक तू मागायचीस. तुझी पहिली खार पडली त्या दिवशी बाबांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं की माझ्यामागे ही रोंडाची, आणि ते हे एक दिवसही विसरलेले नाहीत, म्हणून दुसऱ्या कुणाच्या हातात ती देणार नाहीत, माझ्याही नाही. मला ठाऊक आहे, माझ्यामागे तुझी म्हणून बोललेली बंदूक जिवंत माणसाकडे मागायची नसते. आपल्या खोऱ्यातल्या आर्लननं त्याच्या बापाकडे मागितली तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "खड्डाही खणून आलास का?" आणि पुढे मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. तुझ्याशीही कदाचित बोलणार नाहीत. मी तुला बापाच्या तोंडावर तो मेल्यासारखं बोलायला सांगतेय, आणि मी आई असून सांगतेय, कारण माझ्याजवळचं सगळं करून झालं. पण नाताळपर्यंत थांबू नकोस. मागच्या आठवड्यात त्यांनी करवत काढून दस्ता कापला. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, रोंडाचा हात पुरत नाही, खांद्याला लांब होतो. त्यांनी माझ्या पोटापर्यंत हात धरून तुझी उंची दाखवली. काल आणखी एक तुकडा कापला. उन्हाळ्यात तू आलीस तेव्हा ते दारात तुझ्याकडे बघत राहिले होते, आणि तू म्हणालीस, केस कापलेत म्हणून. केसांमुळे नव्हतं ते. त्यांची रोंडा लहान होत चाललीय, बाळा, आणि चाळिशी ओलांडलेली, चष्मा लावलेली तू जर त्यांना कुणी परकी बाई वाटलीस, तर ही बंदूक घ्यायला या जगात कुणी उरणार नाही. म्हणून याच शनिवारी ये. फोन करू नकोस, पुढच्या दारानं ये, हात मोकळे आणि दिसतील असे ठेव, आणि आत पाऊल टाकण्याआधी त्यांना तुझं नाव सांग.

तुझीच,
आई